आठ तबकड्या आणि एक ताट

“सर, न्यूक म्हणजे काय?”

हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा तरी येतो. कराडची नववीतली मुलगी विचारते, चिपळूणचे निवृत्त मुख्याध्यापक विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या भटजींनी विचारला. निःशस्त्रीकरण पडताळणी आयोगाच्या पुणे कार्यालयात ‘मराठी शंका-कक्ष’ अशी पाटी असलेली एक खोली आहे. तिथे मी, पराग खानोलकर, वय चोपन्न, बसतो आणि अण्वस्त्रांविषयी लोकांना जे जे विचारावंसं वाटतं त्याची उत्तरं देतो.

उत्तर ठरलेलं आहे. न्यूक हा न्यूक्लियर या शब्दाचा तोडलेला तुकडा. अर्थ अण्वस्त्र. क्रियापद म्हणून वापरला तर अण्वस्त्र टाकणं, आणि आता कशाचाही पार फडशा पाडणं. कालची भाजी मायक्रोवेव्हमध्ये गरम करण्यालाही पोरं न्यूक करणं म्हणतात. शेवटी मी माझ्या पदरचं एक वाक्य जोडतो. लाडाचं नाव दिलं की वस्तूची भीती वाटेनाशी होते, तेव्हा हा शब्द जरा जपून वापरा.

बाकीचे प्रश्नही तेच ते. अणुबॉम्ब आणि हायड्रोजन बॉम्ब यांत फरक काय? पहिल्यात जड अणू फुटतात, दुसऱ्यात हलके अणू जुळतात, आणि ते जुळवायला लागणारी आग पेटवण्यासाठी आत एक पहिल्या जातीचा बॉम्ब असतोच. लाल बटण खरंच असतं का? नाही, संकेतांक असतात आणि ते तपासणारी माणसं असतात. जगात किती उरलेत? तो आकडा करार झाल्यापासून दर महिन्याला घटतो आणि मी तो फळ्यावर पुसून नव्याने लिहितो.

या सगळ्याची मला सवय झाली आहे. सवय झाली नाही ती एका प्रश्नाची. “तुम्ही शलाका मॅडमचे मिस्टर ना?”

हो. मी त्यांचा मिस्टर. आम्ही दोघांनी तपासनीसाच्या परीक्षेचा अर्ज एकाच दिवशी, एकाच टेबलावर बसून भरला होता. ती पहिली आली. मी प्रतीक्षा यादीत सातवा होतो आणि अजूनही आहे. ती दर दीड महिन्याने विमानात बसते आणि खऱ्या बॉम्बसमोर जाऊन उभी राहते. मी भटजींना न्यूकचा अर्थ सांगतो. मी तिच्यावर जळतो हे लपवण्यात काही अर्थ नाही, कारण ते तिलाही ठाऊक आहे.

तिच्या अवतीभवती कोणी पुरुष दिसला तर त्याच्यावरही जळतो. हा माझा जुना रोग. ती फ्रेंच शिकत होती तेव्हा तिच्या मास्तरांवरून मी तीन महिने धुमसत होतो. शेवटी चिडून त्यांच्या घरी गेलो, तर ते एकाहत्तर वर्षांचे निघाले आणि त्यांनी मला आल्याचा चहा पाजला. शलाका ही गोष्ट पाहुण्यांना हसत हसत सांगते. एमिलचं नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी तोंड बंद ठेवलं ते म्हणूनच.

एमिल त्या देशाचा अधिकारी होता ज्याचे बॉम्ब शलाका तपासत होती. देशाचं नाव मी लिहीत नाही, आयोगाला तसा लेखी शब्द दिलेला आहे.

पुढचं कळण्यासाठी ती तपासणी कशी चालते हे सांगायला हवं. संगमनेरच्या एका विज्ञानशिक्षिकेने मला विचारलं होतं, “बॉम्बची रचना गुप्त असते, पेटी कोणी उघडू देत नाही. मग आत खरा बॉम्ब आहे की शिशाचा गोळा, हे तुम्हाला कळतं कसं?” मी तिला पेल्यांचं उदाहरण दिलं होतं.

समजा, एका ओळीत शंभर पेले आहेत आणि वरून चाळणीतून पाणी पडणार आहे. कुठल्या भोकातून किती पाणी पडतं हे चाळणीवाल्याचं गुपित आहे. तो काय करतो, आधीच प्रत्येक पेल्यात कमी पडणारं पाणी भरून ठेवतो. जिथे जास्त पडणार तिथे थोडं, जिथे थोडं पडणार तिथे जास्त. मग पाणी सोडलं की सगळे पेले एकाच रेषेपर्यंत भरतात. तुम्हाला फक्त सपाट रेषा दिसते. चाळणीविषयी काहीच कळत नाही, पण चाळणी तीच आहे एवढं मात्र नक्की कळतं. दुसरी चाळणी असती तर रेषा वरखाली झाली असती.

पाण्याच्या जागी न्यूट्रॉन घ्या. पेल्यांच्या जागी थाळीएवढ्या तबकड्या, ज्यांतल्या जेलमध्ये प्रत्येक न्यूट्रॉन आपल्यामागे एक बुडबुडा ठेवतो. पेटीतून न्यूट्रॉनचा झोत सोडायचा आणि पलीकडे तबकडी धरायची. सगळीकडे बुडबुडे सारखे आले तर बॉम्ब खरा.

आता यात चोरी कुठे होऊ शकते? तबकड्या आधी भरून आणतो तो तपासला जाणारा देशच. शिशाच्या गोळ्यासाठी वेगळी तबकडी भरून आणली, आणि ती नेमकी शिशाच्या गोळ्यासमोरच आली, तर तिथेही सपाट रेषा दिसेल आणि खरा बॉम्ब कुठेतरी तळघरात राहील. म्हणून नियम असा की आठ तबकड्या मांडायच्या. त्यांतल्या चार तपासनीसाने मनाला येईल तशा उचलायच्या. पहिली खात्रीच्या नमुन्यासमोर, म्हणजे जो खरा असल्याचं आधीच ठरलंय अशा बॉम्बसमोर, बाकीच्या तीन पेट्यांसमोर, उचलल्या त्या क्रमाने. कुठली तबकडी कुठे जाणार हे कोणालाच आधी ठाऊक नसल्यामुळे लबाडी करण्याची कोणाची छाती होत नाही.

ही निवड यंत्राने का करू नये, असं लोक विचारतात. कारण यंत्र कोणाचं आणि त्याचा प्रोग्रॅम कोणी लिहिला, यावरून दोन्ही देश दोन वर्षं भांडत होते. शेवटी करारात लिहिलं गेलं, तिसऱ्या देशातल्या माणसाने, स्वतःच्या मर्जीने. शलाका आणखी कसोशीची. तबकडीवरचा आकडा बघून मन कुठे झुकू नये म्हणून ती डोळे मिटून तबकड्या उचलायची. वर्तमानपत्रात तिचा तो मिटल्या डोळ्यांचा फोटो छापून आला आणि आमच्या पाषाणच्या सोसायटीने त्याचा फ्लेक्स लावला.

सातव्या तपासणीनंतर एका रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिथल्या सरकारी घराचं स्वयंपाकघर, मागे खिडकीत बर्फ, आणि टेबलाशी एमिल. उंच, विरळ केसांचा, माझ्याच वयाचा.

“हे बघ,” शलाका म्हणाली आणि तिने फोन खाली वळवला. “हे त्याने वाढलंय. मी हातसुद्धा लावला नाही.”

ताट होतं. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, त्याखाली चटणी, उजवीकडे भाजी, खाली भाताची मूद. कोशिंबिरीची जागा रिकामी.

“कोशिंबीर कुठंय?” मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“कोशिंबीर फक्त रविवारी असते म्हटल्यावर म्हणतो, आज रविवारच आहे. पण काकडी मिळाली नाही बिचाऱ्याला.”

शलाकाच्या आईची मिरजेत खानावळ होती. आठव्या वर्षापासून शलाका तिथे पानं वाढत होती. मीठ, लिंबू, चटणी, मग एकदम पलीकडे भाजी, आणि कोशिंबीर फक्त रविवारी. हे तिने मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलं, कारण मी मीठ भाताशेजारी वाढलं होतं आणि ती हसून हसून बेजार झाली होती. सव्वीस वर्षं मी त्या क्रमाने जेवतो आहे. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा ती बशीत त्याच क्रमाने ठेवते. आणि आता कोणीतरी परका माणूस, बर्फात बसून, तिला तिच्या आईसारखं ताट वाढत होता. फ्रेंच मास्तर झाले, सगळे झाले, पण इतकं मला कधीच लागलं नव्हतं.

“छान वाढलंय,” मी म्हणालो. “अजून काय काय शिकवलंस त्याला?”

तिने फोन बंद केला.

पुढचे महिने मी जे केलं त्याची मला लाज वाटते, पण सांगतो. तपासण्यांची चित्रफीत आयोगाच्या संग्रहात असते आणि शंकानिरसनासाठी ती बघण्याचा मला अधिकार आहे. मी जेवणाच्या सुट्टीत दार लावून ती बघू लागलो. मला तबकड्या बघायच्या नव्हत्या. ती त्याच्याकडे कशी बघते, तो तिच्याकडे कसा बघतो, हे बघायचं होतं.

तिचं काही सापडलं नाही. ती आपल्या कामात असायची. तो मात्र तिच्याकडे बघायचा, आणि चेहऱ्याकडे नव्हे. तिच्या हाताकडे. ती डोळे मिटायची त्या क्षणापासून चौथी तबकडी उचलेपर्यंत तो तिच्या हातावरून नजर काढत नसे. मी ती चित्रं पुन्हा पुन्हा लावली आणि माझा जळफळाट होत राहिला. माझ्या बायकोचे हात इतक्या निगुतीने मी कधी बघितले होते? आठवेना.

म्हणून मीही हातच बघू लागलो. अकराव्या तपासणीची चित्रफीत आली त्या दिवशी हात पुढे होण्याआधीच माझ्या मनात आलं, आता मीठ. आणि हात वर मधोमध गेला. लिंबू. डावीकडे. चटणी. त्याखाली. भाजी. हात एकदम उजवीकडे गेला.

मी पाणी प्यायलो आणि पहिल्या तपासणीपासून सगळं पुन्हा बघितलं. पहिल्या तीन वेळा तबकड्या सरळ बाकावर ओळीने मांडलेल्या होत्या, तिथे तिचा हात कुठेही जात होता. चौथ्यापासून गोल टेबल आलं. सोयीसाठी, अशी नोंद होती, आणि सूचना एमिलची. टेबलाभोवती कठडाही आला, किरणांपासून खबरदारी म्हणून, आणि त्या कठड्याला उभं राहायला एकच फट. म्हणजे ती कुठे उभी राहणार हे ठरलेलं. तबकड्यांवरचे आकडे दर वेळी बदललेले असत, त्यामुळे कागदावरची यादी बघून कोणाला काही कळणं शक्य नव्हतं. संख्याशास्त्रज्ञांनी ती तपासून उत्तम म्हटलं होतं. पण डोळे मिटले की शलाकाचा हात मिरजेला जात होता. आठही वेळा.

म्हणजे कुठली तबकडी कुठल्या पेटीसमोर जाणार हे एमिलला आधीच ठाऊक होतं. आठ तपासण्या, दर वेळी एक खोटी पेटी धरली तरी आठ बॉम्ब. आठ बॉम्ब म्हणजे किती, असं कराडच्या मुलीने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आठ शहरं.

शलाका पंधरा दिवसांच्या सुट्टीवर घरी आली होती. बारावी तपासणी शेवटची, त्यानंतर अंतिम अहवालावर तिची सही होऊन तिचं नाव आयोगाच्या उपाध्यक्षपदासाठी जाणार होतं. मी तीन दिवस गप्प राहिलो. बोललो असतो तर तिची सगळी कीर्ती धुळीला मिळणार होती, आणि खरं सांगायचं तर त्या विचाराने माझ्या मनाला कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या. शिवाय एमिलचं नाव मी काढलं की ती काय म्हणणार हेही ठाऊक होतं.

तसंच झालं. “पराग, पुरे,” ती म्हणाली. “आता मास्तरांच्या जोडीला हाही.”

“नाव नाही काढत त्याचं. एक कर. इकडे ये.”

मी मोठ्या परातीत आठ वाट्या गोल मांडल्या. प्रत्येकीखाली एक आकडा. शर्टाच्या खिशातून बंद लिफाफा काढून टेबलावर ठेवला.

“डोळे मीट आणि चार उचल.”

“हा काय पोरखेळ आहे?”

“उचल ना.”

तिने डोळे मिटले. हात वर गेला, डावीकडे गेला, खाली उतरला, आणि मग उजवीकडे. तिने वाट्यांखालचे आकडे वाचले, लिफाफा फोडला, कागदावरचे आकडे वाचले. ते तेच होते, त्याच क्रमाने.

तिने कागद परातीत ठेवला. मग तिने स्वतःचा उजवा हात डाव्या हातात घेतला.

“तू कसं ओळखलंस?”

“सव्वीस वर्षं जेवतोय तुझ्या हातचं.”

“आणि तो?”

उत्तर तिलाच सापडलं. “चौथ्याच्या आधी मी त्याला पहिल्यांदा जेवायला बोलावलं,” ती म्हणाली. “मग दर वेळी तोच मागे लागायचा. परत दाखव, परत वाढ. मला वाटलं, त्याला आपलं जेवण आवडतं.”

ती खुर्चीत बसली. “खरं सांगू? मला बरं वाटायचं. कोणीतरी इतकं लक्ष देऊन बघतंय माझ्याकडे, याचं. तू रागावशील म्हणून बोलले नाही.”

मला राग आला, अगदी तोंडापर्यंत आला. म्हणजे माझा संशय या वेळी अगदीच खोटा नव्हता. पण ती रडत नव्हती आणि तिचा चेहरा इतका उतरला होता की तो राग कुठे ठेवावा ते मला समजेना.

“तू सही करून मोकळी हो,” मी म्हणालो. “मी कोणाला सांगणार नाही.”

ते मी प्रेमाने म्हणालो असं मला त्या क्षणी वाटलं. पण पाठोपाठ दुसरा विचार आला, की मग ही जन्मभर माझ्या मुठीत राहील, एमिलची काय बिशाद. तो विचार मला आवडला. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला वाटतं, तिला तोही दिसला.

“नको,” ती म्हणाली. “एक नाणं दे मला. तुझ्या खिशातलं.”

बारावी तपासणी जगभर थेट दाखवत होते. मी कार्यालयातल्या इतर लोकांबरोबर उभा राहून बघत होतो. शलाका कठड्याच्या फटीत उभी राहिली. तिने डोळे मिटले नाहीत. ज्या जागा तिच्या हाताला मीठ, लिंबू म्हणून ठाऊक होत्या त्यांना तिने मनातल्या मनात आकडे दिले असावेत. मग तिने नाणं तीनदा उडवलं. छापा की काटा, तीनदा, म्हणजे आठ शक्यता. पहिली तबकडी. पुन्हा तीनदा. आधी आलेला आकडा आला की पुन्हा. खोलीत नाण्याचा आवाज तेवढा येत होता.

मी एमिलकडे बघत होतो. तो या वेळी हाताकडे बघत नव्हता. तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, बहुधा पहिल्यांदाच.

तिसऱ्या पेटीची तबकडी उजेडात धरली तेव्हा तिच्यात सपाट काही नव्हतं. मधोमध बुडबुड्यांचा दाट डाग होता आणि भोवती विरळ कडं. कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

बाकीचं तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलंच असेल. पेट्या उघडाव्या लागल्या, तळघरं उघडावी लागली, करार मोडता मोडता वाचला. आधीचे आठ आणि हा नववा, सगळे बॉम्ब सापडले आणि नष्ट झाले. शलाकाने अहवालात स्वतःच लिहिलं की चौथीपासून अकरावीपर्यंतची निवड ओळखता येण्याजोगी होती आणि दोष तपासनीसाचा. हे कसं उघडकीला आलं, या रकान्यात तिने लिहिलं, ‘पतीच्या निरीक्षणातून.’ मत्सराचा उल्लेख तिने केला नाही. उपाध्यक्षपद गेलं, तपासनीसपदही गेलं. सोसायटीने फ्लेक्स उतरवला. मला शंका-कक्षाच्या प्रमुखपदी बढती मिळाली. इतक्या वर्षांनी मी तिच्या पुढे गेलो होतो आणि घरी सांगायची सोय नव्हती.

शलाका आता घरीच असते. जेवायला वाढताना ती ओट्यावर नाणं उडवते. तेच नाणं, तिने मला परत दिलं नाही. मीठ कधी भाताशेजारी येतं, कधी उजव्या कोपऱ्यात. लिंबू कुठे आहे ते मला ताटाकडे बघून शोधावं लागतं. गोळ्यासुद्धा बशीत कशाही पडलेल्या असतात. मी एकदा म्हणालो, “आता कशाला? घरात कोण बसलंय चोर?” तर ती म्हणाली, “सवय मोडतेय.”

परवा सभा लवकर संपली, तिथेच जेवण झालं आणि मी दुपारी दीडलाच घरी परतलो. आमचं घर तळमजल्यावर. फाटकातून दाराकडे येताना स्वयंपाकघराची खिडकी लागते. शलाका एकटीच जेवायला बसत होती. मी सहज आत बघितलं.

वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू. खाली चटणी. उजवीकडे भाजी. वार रविवार नव्हता, म्हणून कोशिंबिरीची जागा रिकामी. नाणं कुठे दिसत नव्हतं. ती पाठ टेकून, निवांत, पहिला घास कालवत होती. इतकी निवांत ती माझ्यासमोर हल्ली कधी बसली नव्हती.

मला तिथे उभ्या उभ्या जळायला झालं, आणि या वेळी पलीकडे कोणी एमिल नव्हता, मास्तर नव्हते. ती तिची तीच होती आणि मी खिडकीबाहेर होतो. सवय मोडलेली नव्हती. ती फक्त माझ्यापासून झाकून ठेवली होती. मीही तिचे हात बघून आकडे लिहून ठेवले होते, लिफाफ्यात घालून बंद केले होते. तिच्या लेखी माझ्यात आणि त्याच्यात किती फरक उरला असेल?

चार पावलं मागे गेलो. फाटक मुद्दाम आपटलं. खिडकीकडे न बघता दाराशी आलो, खिशात किल्ली असून घंटा वाजवली आणि थांबलो. आतून ताटाचा आवाज आला, वाटी सरकल्याचा आवाज आला. मी घाई केली नाही.

तिने दार उघडलं तेव्हा टेबलावरच्या ताटात मीठ भाताशेजारी होतं आणि लिंबू उजवीकडे.

“लवकर आलास,” ती म्हणाली. “जेवलास?”

“नाही,” मी म्हणालो. “वाढ.”